सवय आणि रक्त: तोंड-घशाच्या कॅन्सरमध्ये जनुकांचा वाटा

१९४४ साली ‘कॅन्सर रिसर्च’ या अमेरिकी नियतकालिकात मुंबईहून गेलेला एक शोधनिबंध छापून आला. विषय होता तोंडाच्या कॅन्सरचे ओळीने आलेले एक हजार रुग्ण. लेखक होते परळच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलमधले विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर. पाच वर्षांनी, १९४९ मध्ये, याच खानोलकरांचं एल. डी. संघवी यांच्यासोबतचं एक निराळंच काम प्रसिद्ध झालं. मुंबईतले, आपापसातच लग्नं करणारे सहा समाजगट घेऊन दोघांनी त्यांची सात आनुवंशिक लक्षणं तपासली होती. पुढे १९५५ मध्ये संघवी, राव आणि खानोलकर या तिघांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये तंबाखू ओढणं, तंबाखू चघळणं आणि तोंडापासून अन्ननलिकेपर्यंतचे कॅन्सर यांचा संबंध आकड्यांनिशी मांडला.

एकाच वर्तुळातली माणसं रक्तही तपासत होती आणि तंबाखूचाही हिशेब ठेवत होती, याला कारण होतं. मुंबईत हा आजार सगळ्यांना सारखा होत नव्हता. एका समाजात तो गालात निघे, दुसऱ्यात जिभेच्या मुळाशी, तिसऱ्यात क्वचितच. हा फरक रक्तातला की राहणीतला?

१९५५ च्या आकड्यांचा कौल राहणीकडे होता. चघळणाऱ्यांमध्ये कॅन्सर मुख्यतः तोंडाच्या आत होता, ओढणाऱ्यांमध्ये तो जिभेच्या मागच्या भागापासून घशाकडे सरकत होता. नंतरच्या पाहण्यांनी हेच अधोरेखित केलं. आंध्रच्या श्रीकाकुलमकडे चुट्टा आणि गोव्यात धुमटी उलटी, म्हणजे पेटतं टोक तोंडात धरून ओढायची रीत होती. तिथे टाळूवर विकार दिसले. धूम्रपान धर्माने वर्ज्य मानणाऱ्या पारशी समाजात तंबाखूजन्य कॅन्सर कमी आढळले. तंबाखू जिथे टेकते, धूर जिथे लागतो, तिथे आजार, असा सरळ नकाशा तयार झाला.

तरी बाकी उरलीच. गावोगावी तंबाखूविरोधात बोलणाऱ्याला एक उत्तर हमखास मिळतं: ‘आमच्या आजोबांनी जन्मभर बार भरला, काय झालं त्यांना?’ उत्तर उर्मट असलं तरी खोटं नाही. तंबाखू खाणाऱ्यांपैकी बहुतेकांना तोंडाचा कॅन्सर होत नाही. दुसरीकडे, चार-पाच वर्षं गुटखा खाल्लेला तिशीतला तरुण शस्त्रक्रियेसाठी दाखल होतो. सवय हे कारण पक्कं असेल, तर एकाच सवयीची दोन माणसांवरची फळं इतकी वेगळी का? गेली तीस-पस्तीस वर्षं जनुकशास्त्र या प्रश्नामागे आहे. त्यातून मिळालेलं उत्तर आजोबांच्या नातवाला वाटतं तितकं सोयीचं नाही.

आजाराचा आवाका

डोकं आणि मान यांच्या कॅन्सरमध्ये मेंदूचा कॅन्सर धरत नाहीत. ओठ, जीभ, गालाची आतली बाजू, हिरड्या, टाळू, टॉन्सिल, घसा, स्वरयंत्र आणि नाकामागची पोकळी, असा हा प्रदेश आहे. यातले बहुसंख्य कॅन्सर आतल्या अस्तराच्या चपट्या पेशींतून निघतात. ‘ग्लोबोकॅन’च्या २०२२ च्या अंदाजानुसार ओठ आणि तोंड यांच्या कॅन्सरचे जगात सुमारे ३ लाख ८९ हजार नवे रुग्ण होते. त्यांतले सुमारे १ लाख ४३ हजार एकट्या भारतात होते.

मुख्य कारणं चार: तंबाखू, सुपारी, दारू आणि एचपीव्ही हा विषाणू. अमेरिकेत आणि उत्तर युरोपात टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाशी होणाऱ्या कॅन्सरमागे आता एचपीव्ही प्रमुख आहे. भारतात मात्र तंबाखू आणि सुपारी पुढे आहेत. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या २४.४ टक्के प्रौढांनी धूरविरहित तंबाखू वापरत असल्याचं सांगितलं. धूरविरहित हा सरकारी शब्द. प्रत्यक्षात तो चुना-तंबाखू असतो, मावा असतो, विदर्भात खर्रा, आणि खेड्यातल्या बायकांच्या हिरड्यांना रोज सकाळी लागणारी मशेरी. राज्याने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली, पण तंबाखू आणि सुपारीची वेगळी पुडी घेऊन ती हातावर एकत्र करायला कुणाला वेळ लागत नाही.

घरातल्या रुग्णाचा अर्थ

आनुवंशिकतेचा पहिला पुरावा नेहमी घरातून येतो. ‘इनहान्स’ या आंतरराष्ट्रीय गटाने १२ अभ्यासांतले जवळपास ९ हजार रुग्ण आणि साडेतेरा हजारांवर निरोगी माणसं एकत्र धरून २००९ मध्ये हिशेब मांडला. आईवडील किंवा भावंडांपैकी कुणाला डोकं-मानेचा कॅन्सर झालेला असेल, तर धोका सुमारे १.७ पट निघाला. भावंडाला झाला असेल तर २.२ पट. घरात रुग्ण आहे आणि माणूस स्वतः दारू-तंबाखू दोन्ही घेतो, अशा गटात तो ७.२ पटींवर गेला.

या आकड्यांत दोन गोष्टी दडलेल्या आहेत. भावंडांचा आकडा आईवडिलांपेक्षा मोठा आहे. भावंडं एकाच वयात एकाच टपरीवर जातात, तेव्हा कुटुंबातून फक्त जनुकं मिळतात असं नाही, पुडीही मिळते. दुसरी गोष्ट जास्त बोलकी आहे. घरच्या इतिहासाचा परिणाम मुख्यतः तंबाखू वापरणाऱ्यांतच उठून दिसला. वारसा होता, पण तो उघडा पडला सवयीनंतर.

हा वारसा प्रयोगशाळेतही दिसतो. ह्यूस्टनमध्ये टी. सी. शू यांनी १९८० च्या दशकात एक चाचणी रूढ केली. रक्तातल्या पांढऱ्या पेशींवर ब्लिओमायसिन हे गुणसूत्रं तोडणारं औषध टाकायचं आणि किती तुटी उरतात ते मोजायचं. डोकं-मानेचा कॅन्सर झालेल्यांच्या पेशींत सरासरीने जास्त तुटी आढळल्या. पुढे जुळ्यांवर केलेल्या डच अभ्यासात या संवेदनशीलतेतला तीन चतुर्थांशाच्या आसपास फरक आनुवंशिक असल्याचं दिसलं. म्हणजे सारख्याच माऱ्याखाली काहींचा डीएनए जास्त मोडतो, किंवा मोडलेला नीट जोडला जात नाही.

विकरांचं युग

मग शोध सुरू झाला नेमक्या जनुकांचा. पहिला संशय आला शरीरातल्या विषनिवारण यंत्रणेवर, आणि तो रास्त होता. तंबाखूतली एनएनके आणि एनएनएन ही नायट्रोसमाइन्स किंवा धुरातलं बेंझोपायरीन जसंच्या तसं फार नुकसान करत नाही. ‘सीवायपी’ कुळातली विकरं (एन्झाइम्स) त्यांचं आधी अधिक दाहक रूपात रूपांतर करतात. मग ‘जीएसटी’ कुळातली विकरं त्या रूपाला ग्लुटाथिऑन जोडून बाहेर काढण्याजोगं बनवतात. पहिल्या टोळीने घराघरातला कचरा रस्त्यावर आणावा आणि घंटागाडीच आली नाही, तर जे होईल ते पेशीत होतं. दाहक रेणू डीएनएला चिकटतात.

जीएसटीएम१ या जनुकाची गंमत अशी, की कोट्यवधी निरोगी माणसांत ते मुळातच नसतं. दोन्ही प्रती गळालेल्या असतात. युरोपीय आणि पूर्व आशियाई लोकांत निम्म्या माणसांची अशी स्थिती आहे, भारतीय गटांत त्याहून कमी, पण तरीही मोठ्या संख्येने. अशा माणसाने तंबाखू खाल्ली तर? मुंबईच्या कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूटमधल्या बुच, नोटानी आणि भिसे यांनी २००२ मध्ये हा प्रश्न भारतीय रुग्णांत तपासला. जीएसटीएम१ नसणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कॅन्सरचा धोका वाढलेला दिसला. अशाच निष्कर्षांचे निबंध जगभरातून येत राहिले. सीवायपी१ए१, जीएसटीटी१, जीएसटीपी१, डीएनए दुरुस्त करणारं एक्सआरसीसी१... यादी लांबत गेली.

मग कुणीतरी सगळ्याची बेरीज करायला बसलं. मिया हाशिबे आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये उपलब्ध अभ्यास एकत्र केले तेव्हा जीएसटीएम१ नसण्याने वाढणारा धोका १.२३ पट भरला. जीएसटीटी१ चा १.१७, सीवायपी१ए१ च्या एका रूपाचा १.३५. छोट्या अभ्यासांत दिसलेले मोठे परिणाम बेरजेत आकसले. तंबाखू चघळण्याने वाढणारा धोका कित्येक पटींत मोजावा लागतो, हे लक्षात घेतलं की १.२३ चं वजन कळतं.

आकसण्याची कारणं शिकण्यासारखी आहेत. शंभर-दोनशे रुग्णांच्या अभ्यासात योगायोगाने मोठा आकडा येऊ शकतो. आणि मोठा आकडा आला की तो छापला जातो, न आलेला फाइलीत राहतो. भारतात आणखी एक अडचण आहे, आणि ती संघवी-खानोलकरांच्या १९४९ च्या कामातच दिसत होती. इथले समाज शतकानुशतकं आपापसात लग्नं करत आले, त्यामुळे कितीतरी जनुकीय रूपांचं प्रमाण समाजागणिक बदलतं. टाटा मेमोरियलमध्ये रुग्ण येतात बिहार, उत्तर प्रदेश, बंगालपासून. तुलनेसाठी घेतलेली निरोगी माणसं मुंबईची असतील, तर दोन गटांतला फरक कॅन्सरचा की प्रांताचा, हे कोण सांगणार? जुन्या अभ्यासांत हा गाळ बाजूला काढायचं साधन नव्हतं.

त्या काळातला एक निष्कर्ष तरी वेगळा म्हणून लक्षात ठेवावा असा आहे. श्रीलंकेतल्या पान-सुपारी खाणाऱ्यांवरच्या २००२ च्या अभ्यासात सीवायपी२ए६ हे जनुक गळालेल्या माणसांना तोंडाच्या कॅन्सरचा धोका कमी आढळला. या जनुकापासून बनणारं विकर एनएनकेला दाहक बनवतं आणि निकोटिनचा निचराही करतं. म्हणजे त्याच्या असण्या-नसण्याने दोन गोष्टी बदलतात: शरीरात विष किती तयार होतं आणि माणसाला तलफ किती वेळाने येते. पंधराव्या गुणसूत्रावरच्या निकोटिन-ग्राहकांच्या जनुकांबाबतही २००८ नंतर असंच उमगलं. तिथले भेद माणूस किती विड्या-सिगारेटी ओढतो याच्याशी बांधलेले आहेत. काही जनुकं आजाराकडे नेतात ती सवयीच्या वाटेने.

दारू, लाली आणि एक नैसर्गिक प्रयोग

जनुक आणि सवय यांची गाठ सर्वांत स्वच्छ दिसते ती जपान, चीन, कोरिया आणि तैवानमध्ये. दारूचं शरीरात आधी अ‍ॅसिटाल्डिहाइड होतं, मग एएलडीएच२ हे विकर त्याचं निरुपद्रवी अ‍ॅसिटेट करतं. पूर्व आशियातल्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक लोकांत या विकराचं जवळजवळ निकामी रूप असतं. एक पेला घेतला तरी चेहरा लालबुंद, छातीत धडधड, मळमळ. अ‍ॅसिटाल्डिहाइड डीएनएला इजा करतं. दारूबरोबर शरीरात येणाऱ्या अ‍ॅसिटाल्डिहाइडला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००९ मध्ये माणसातल्या निश्चित कॅन्सरजनकांत घातलं.

आता गणित पाहण्यासारखं आहे. दोन्ही प्रती निकामी असलेल्या माणसाला दारू सोसतच नाही. तो पीत नाही, आणि त्याला डोकं-मानेचा कॅन्सर इतरांपेक्षा कमी होतो. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एकत्रित विश्लेषणात हा धोका जवळपास निम्मा निघाला. एक प्रत चांगली आणि एक निकामी असलेला माणूस मात्र त्रास सोसून प्यायला शिकतो. त्याच्या तोंडात आणि घशात अ‍ॅसिटाल्डिहाइड साचतं, आणि त्याचा धोका पिण्याच्या प्रमाणात चढत जातो. तेच सदोष जनुक एकाला वाचवतं आणि दुसऱ्याला मारतं. मधला फरक पेल्याचा. शास्त्रज्ञांना यातून आणखी एक लाभ झाला. जनुकं जन्मतः वाटली जातात, त्यामुळे दारू खरोखर कारण आहे की फक्त सोबतीण, या जुन्या शंकेचं उत्तर या नैसर्गिक प्रयोगाने दिलं.

भारतात एएलडीएच२ चं हे निकामी रूप बहुतांश समाजांत जवळपास नाही. पण दारूचं अ‍ॅसिटाल्डिहाइड करणाऱ्या ‘एडीएच’ जनुकांचे भेद जगभर आहेत. २००८ मध्ये ‘नेचर जेनेटिक्स’मधल्या अभ्यासाने सुमारे ३,८०० रुग्णांच्या आधारे या कुळातल्या एकाहून अधिक जनुकांचा संबंध पक्का केला.

अख्खा जनुकसंच चाळताना

एकेका संशयिताला बोलावून विचारण्याऐवजी सगळ्या गावाची चौकशी करावी, तसं २००५ नंतरच्या तंत्राने शक्य झालं. लाखो जागा एकाच वेळी तपासायच्या आणि निकष इतका कडक ठेवायचा की योगायोग गळून पडावा. या पद्धतीला मोठी संख्या लागते, आणि डोकं-मानेच्या कॅन्सरसाठी ती २०१६ मध्ये जमली. युरोप, उत्तर आणि दक्षिण अमेरिकेतल्या ६,०३४ रुग्णांची ६,५८५ निरोगी माणसांशी तुलना झाली.

त्यात काय मिळालं? पेशींच्या गुणसूत्रांची टोकं राखणाऱ्या टेलोमरेजच्या टर्ट जनुकाजवळची पाचव्या गुणसूत्रावरची जागा, पेशीविभाजनाला लगाम घालणाऱ्या जनुकांजवळची नवव्या गुणसूत्रावरची जागा, दारूची एडीएच जनुकं, आणि सर्वांत रोचक म्हणजे सहाव्या गुणसूत्रावरचा एचएलए प्रदेश. ही जनुकं विषाणूचे तुकडे रोगप्रतिकारक पेशींपुढे धरतात. एचएलएचा एक विशिष्ट जोडसंच असणाऱ्यांना घशाच्या कॅन्सरचा धोका सुमारे ४० टक्क्यांनी कमी होता. एचपीव्हीमुळे होणाऱ्या कॅन्सरपुरतं पाहिलं तर तो पाव हिश्श्याहूनही खाली उतरला. काहींचं शरीर हा विषाणू लवकर ओळखून घालवतं, असा त्याचा अर्थ लागतो.

नाकामागच्या पोकळीचा कॅन्सर याच सूत्राचं दुसरं टोक आहे. तो मुख्यतः दक्षिण चीनमध्ये, विशेषतः ग्वांगडाँगमध्ये होतो आणि एपस्टाइन-बार विषाणूशी निगडित असतो. तिथल्या जनुकीय पाहण्यांतही एचएलए प्रदेशाचाच आवाज सर्वांत मोठा आला. भारतात हा आजार विरळा, अपवाद ईशान्येचा. नागालँडच्या नोंदणीत त्याचं प्रमाण देशात उठून दिसतं.

२०१६ च्या त्या अभ्यासात भारतीय नव्हते. ज्या देशात जगातला एकतृतीयांशाहून अधिक तोंडाचा कॅन्सर आहे, त्याची जनुकं या नकाशावर नव्हती. ती उणीव भरायला टाटा मेमोरियलच्या खारघरमधल्या अ‍ॅक्ट्रेक या संशोधन संस्थेतल्या कर्करोग साथरोगशास्त्र केंद्राने हात घातला आणि अलीकडे गालाच्या आतल्या कॅन्सरचे दोन हजारांहून अधिक रुग्ण तेवढ्याच निरोगी माणसांशी ताडून पाहिले. इथेही टर्टजवळची जागा आणि एचएलए प्रदेश पुढे आले. वंशपरंपरा वेगळी, सवय वेगळी, तरी काही पत्ते तेच निघाले, म्हणजे ते भरवशाचे. आणि इथेही तंबाखू चघळण्याचा वाटा जनुकांच्या वाट्यापुढे कितीतरी मोठा भरला. जनुकीय धोका जास्त असलेल्या चघळणाऱ्यांना आजार लवकरच्या वयात गाठतो, असंही या कामातून दिसलं.

विरळा पण निर्विवाद

आतापर्यंतचे भेद धोका थोडासा हलवणारे होते. काही मोजक्या घरांत मात्र एकटं जनुक पुरतं.

फॅन्कोनी अ‍ॅनिमिया हा स्विस बालरोगतज्ज्ञ गुइडो फॅन्कोनी यांनी १९२७ मध्ये वर्णिलेला आजार. डीएनएच्या दोन पट्ट्या एकमेकींना चिकटल्या तर त्या सोडवणारी वीसहून अधिक जनुकं आहेत, आणि त्यांपैकी एकाच्या दोन्ही प्रती बिघडल्या की तो होतो. लहानपणी रक्त कमी पडतं. अस्थिमज्जा बदलून मूल वाचलं, तर पुढच्या वळणावर तोंडाचा कॅन्सर उभा असतो. अमेरिकेतल्या नोंदणीवरून २००३ मध्ये काढलेला अंदाज सांगतो की या रुग्णांत डोकं-मानेच्या कॅन्सरचा धोका सर्वसाधारण लोकांपेक्षा ५०० ते ७०० पट आहे. तोही बिडी-तंबाखूला न शिवलेल्या, विशी-तिशीतल्या माणसांत.

महाराष्ट्राला यात लक्ष घालावं असं काही आहे. दोष आईवडील दोघांकडून यावा लागतो, आणि जिथे एका जातीत किंवा मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत आहे, तिथे दोघांकडे एकच दोष असण्याची शक्यता वाढते. एफएएनसीएल या जनुकातला दक्षिण आशियात उगम असलेला एक बदल भारतीय रुग्णांत वारंवार आढळतो, हे २०२० मध्ये स्पष्ट झालं. निदानाला महत्त्व आहे ते उपचारामुळे. तोंडाच्या कॅन्सरवर नेहमी वापरलं जाणारं सिस्प्लॅटिन डीएनएच्या पट्ट्याच एकमेकींना चिकटवतं. या रुग्णांना ते आणि किरणोपचार नेहमीच्या मात्रेत झेपत नाहीत. त्यामुळे तंबाखू न खाणारा, ठेंगणा, अंगठ्यात जन्मजात वैगुण्य असलेला किंवा रक्तपेशी कमी असलेला तरुण जिभेचा कॅन्सर घेऊन आला, तर केमो सुरू करण्याआधी गुणसूत्र-तुटीची चाचणी करणं शहाणपणाचं ठरतं.

डिस्केराटोसिस कंजेनिटा हा दुसरा तसाच विरळा विकार. त्यात टेलोमर आखूड पडतात, नखं बिघडतात, जिभेवर पांढरे चट्टे उठतात आणि त्यांतून कॅन्सर होतो. त्याला जबाबदार जनुकांत टर्टही आहे. सामान्य लोकांत धोका जरासा हलवणारा पत्ता आणि विरळा आजार घडवणारं जनुक एकच निघावं, यातून टेलोमरचं महत्त्व दोन्ही बाजूंनी सिद्ध होतं.

सुपारीचा न सुटलेला भाग

भारतीय उपखंडाचा स्वतःचा प्रश्न सुपारीशी आहे. १९५२ मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या पाच भारतीय स्त्रियांमध्ये तोंड आखडत जाण्याचा विकार नोंदला गेला. पुढच्याच वर्षी मुंबईच्या डॉ. एस. जी. जोशींनी त्याला ‘सबम्युकस फायब्रोसिस’ म्हटलं. टाटा मेमोरियलच्या डॉ. पेमास्टर यांनी १९५६ मध्ये त्यातून कॅन्सर होत असल्याकडे लक्ष वेधलं. केरळच्या एर्नाकुलममध्ये १७ वर्षं पाठपुरावा केलेल्या ६६ रुग्णांपैकी ७.६ टक्क्यांना कॅन्सर झाला. नुसती सुपारीही माणसात कॅन्सरजनक आहे, असं २००४ मध्ये जाहीर झालं.

या विकाराची यंत्रणा बरीच माहीत आहे. सुपारीतलं अ‍ॅरेकोलिन कोलॅजन वाढवतं, तिच्यातलं तांबं कोलॅजनचे धागे घट्ट बांधणाऱ्या विकराला चेतवतं, आणि गालाचं अस्तर चामड्यासारखं होत जातं. पण सुपारी खाणाऱ्यांपैकी काहींचं तोंड दोन-तीन वर्षांतच दोन बोटांपेक्षा जास्त उघडत नाही आणि काहींना आयुष्यभर काही होत नाही. तैवानमध्ये पानात तंबाखू घालत नाहीत, त्यामुळे तिथे सुपारीचा परिणाम वेगळा काढता येतो. २००२ मध्ये तिथल्या अभ्यासात कोलॅजन बनवणाऱ्या आणि मोडणाऱ्या जनुकांच्या भेदांशी संबंध दिसला. एचएलएबाबतचे जुने दावे मात्र एकमेकांशी जुळले नाहीत. मोठ्या संख्येचं काम हवं आहे ते इथे, आणि त्यासाठीचे रुग्ण नागपूर-चंद्रपूरच्या दंतमहाविद्यालयांच्या ओपीडीत रोज बसलेले असतात.

गाठीचं जनुक आणि माणसाचं जनुक

या विषयावर बोलताना एक घोळ वारंवार होतो. कॅन्सरच्या गाठीत सापडलेला बदल आणि जन्मतः मिळालेला बदल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पश्चिम बंगालच्या कल्याणी इथली राष्ट्रीय जैववैद्यकीय जनुकशास्त्र संस्था आणि अ‍ॅक्ट्रेक यांनी आंतरराष्ट्रीय प्रकल्पात भारताच्या वतीने हिरडी-गालाच्या कॅन्सरचा जनुकसंच वाचला. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या कामात टीपी५३, सीएएसपी८, एफएटी१, नॉच१, एचआरएएस अशा जनुकांत वारंवार बिघाड आढळले. ते बिघाड आयुष्यभरात, बव्हंशी तंबाखूने, त्या एका जागी घडवलेले. ते मुलांना वारशाने जात नाहीत. रुग्णाच्या अहवालात ‘टीपी५३ म्युटेशन’ वाचून घरच्यांनी हादरण्याचं कारण नसतं.

थुंकीच्या नमुन्यावरून ‘तुमचा कॅन्सरचा धोका’ सांगणाऱ्या खासगी चाचण्यांचा घोळ उलट दिशेचा. १.२ किंवा १.३ पटीचे भेद जोडून काढलेला गुण कमी आला, म्हणून गुटखा चालू ठेवायला हरकत नाही, असं कुणी समजलं तर ती चाचणी अपायच करते. कमी जनुकीय धोका असलेल्या तंबाखू खाणाऱ्याचा एकूण धोका, जास्त जनुकीय धोका असलेल्या पण तंबाखू न खाणाऱ्यापेक्षा मोठाच राहतो.

उपयोग कुठे?

मग या सगळ्या खटाटोपाचा व्यवहारात उपयोग काय? फॅन्कोनीसारख्या घरांत तो आजच आहे. अशा मुलांचं तोंड शाळकरी वयापासून दर सहा महिन्यांनी तपासायचं, हा नियम झाला आहे. एचएलएच्या कामाने एचपीव्हीविरुद्धची प्रतिकारशक्ती कशी चालते याचा धागा दिला. सर्वसामान्य माणसासाठी मात्र आशा एकाच ठिकाणी आहे: तपासणी कुणाची आधी करायची, हे ठरवण्यात.

तपासणीने जीव वाचतात, याचा पुरावा भारतातलाच आहे. तिरुवनंतपुरममध्ये आरोग्यसेवकांनी घरोघरी जाऊन नुसत्या डोळ्यांनी तोंडं तपासली. २००५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापलेल्या निकालांत तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांतले तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू ३४ टक्क्यांनी घटलेले दिसले. साधन काय? उजेड, हातमोजे आणि शिकलेला डोळा. त्याच आधारावर २०१६ पासून तिशीवरच्या सगळ्यांचं तोंड सरकारी केंद्रांत तपासण्याचा कार्यक्रम आखला गेला. पण महाराष्ट्रात चघळणाऱ्यांची संख्याच प्रौढांच्या एकचतुर्थांशाजवळ जाते. इतक्यांची तपासणी वारंवार करायची तर माणसं पुरत नाहीत, आणि एकदाच करून भागत नाही.

जनुकीय गुणाची परीक्षा इथे होईल. चघळणाऱ्यांपैकी ज्यांचा गुण वरच्या टप्प्यात येतो त्यांना वर्षातून दोनदा आणि चाळिशीऐवजी पंचविशीपासून बोलावलं, तर फक्त वय आणि किती वर्षं खातो हे विचारून केलेल्या निवडीपेक्षा जास्त गाठी लवकर सापडतात का? सापडल्या तर त्या चाचणीचा खर्च, तेवढ्याच पैशांत नेमता येणाऱ्या आणखी एका आरोग्यसेविकेपेक्षा सार्थ ठरतो का? तो गुण युरोपीय आकड्यांवर बेतलेला असून चालणार नाही. मराठवाड्यातल्या, कोकणातल्या, गडचिरोलीतल्या माणसांत तो वेगवेगळा खरा ठरतो का, हेही तपासावं लागेल. संघवी आणि खानोलकरांनी सहा समाजगटांचं रक्त घेतलं तेव्हा फरक मोजायला सात लक्षणं होती, आता लाखो आहेत. खारघरच्या अभ्यासातून निघालेले पत्ते हाताशी आहेत. पुढचं काम निरोगी चघळणाऱ्यांना आजच नोंदवून, त्यांचा गुण काढून, दहा-पंधरा वर्षं त्यांच्या तोंडाकडे पाहत राहण्याचं आहे. सोबत तंबाखू सोडवण्याची मदतही द्यावी लागेल, कारण ती रोखून धरून धोका मोजणारा अभ्यास कुठलीच नैतिकता समिती मंजूर करणार नाही.